घरी बांधलेल्या प्रीअँपना सप्लाय एकच की वेगवेगळा?

आठ माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारी सर्किटं), दोन कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आटोक्यात ठेवणारे) आणि एक हेडफोन अँप एवढा संच घरी बांधायचा असेल, तर ट्रान्सफॉर्मर एक घ्यायचा की अकरा? अकरा घेतले तर अकरा फ्यूज, अकरा मेन्स स्विच आणि २३० व्होल्टशी अकरा वेळा गाठ. शिवाय वेगळा सप्लाय म्हणजे आपोआप शांतता, असंही नाही. प्रत्येक पेटीला स्वतःचं अर्थिंग मिळालं की दोन पेट्या अनबॅलन्स्ड केबलने जोडताक्षणी अर्थचा लूप तयार होतो आणि ५० हर्ट्झचा हम सुरू होतो.

आमचा कौल मधल्या वाटेला आहे. प्रीअँप आणि कॉम्प्रेसर अशा दहा कार्डांना ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे डायोड) एकच, रॅकबाहेरच्या वेगळ्या पेटीत, पण रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी) रॅकमधल्या प्रत्येक कार्डावर वेगळा. हेडफोन अँप, रिले, एलईडी मीटर आणि ट्यूबवाली सर्किटं यांना मात्र या सप्लायपासून दूर ठेवायचं.

आधी करंटचा हिशेब. डेटाशीटमधला नेहमीचा आकडा न घेता कमाल आकडा धरा. एनई५५३२ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी) नेहमी ८ मिलिअँप खातो, कमाल १६. एनई५५३४ ची कमाल ८. दोन ५५३२ आणि एक ५५३४ असलेल्या प्रीअँपला ४० मिलिअँप झाले. लाइन आउटपुट चालवायला वर २० धरा. कार्डामागे ६०, म्हणजे दहा कार्डांना प्रत्येक रेलवर (धन आणि ऋण अशा दोन्ही सप्लाय वायरींवर) ६०० मिलिअँप. कपॅसिटर झटक्याझटक्याने चार्ज होतात, म्हणून ०.६ अँप डीसीसाठी ट्रान्सफॉर्मरला साधारण १ अँप एसी द्यावा लागतो. १८-०-१८ चा (मधल्या टोकापासून दोन्हीकडे १८ व्होल्ट) २ अँपचा टोरॉइडल, म्हणजे कडीसारखा गोल ट्रान्सफॉर्मर घ्या, तो गरमही होणार नाही.

१५-०-१५ स्वस्त आणि सहज मिळतो, पण कार्डांना द्यायच्या ±१६ व्होल्टसाठी तो चालत नाही. मेन्स २०५ व्होल्टवर उतरली की त्याचं शिखर १८.९ वर येतं. डायोडचे ०.८ आणि ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरचा सव्वा व्होल्टचा रिपल (डीसीवरचा चढउतार) वजा केला की तळाशी १६.८ उरतात. एलएम३१७ या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात, ते कुठून येणार? मग दिवसभर ठीक चालणारा रॅक संध्याकाळी गुणगुणायला लागतो आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. १८-०-१८ वर त्याच वेळी साडेवीसच्या आसपास उरतात.

रेग्युलेटर कार्डावर ठेवण्याचा पहिला फायदा उष्णतेचा. मध्यवर्ती एकाच एलएम३१७ वर २४ चे १६ करताना ०.६ अँपवर जवळजवळ ५ वॉट जळतात आणि मोठा हीटसिंक लागतो. कार्डामागे ६० मिलिअँप असतील तर अर्धा वॉटच. टीओ-२२० आकाराचा रेग्युलेटर हीटसिंकशिवाय उघडाच ठेवला तरी खोलीच्या तापमानापेक्षा तीसेक अंश वर जाईल. दुसरा फायदा बिघाडाचा. एका कार्डावर शॉर्ट झाला की मध्यवर्ती रेग्युलेटर करंट मर्यादित करून बसतो आणि सगळे चॅनेल गप्प होतात. कार्डावरच्या रेग्युलेटरआधी १ ओहमचा फ्यूजिबल रेझिस्टर घातला, तर फक्त तेवढं कार्ड बाजूला पडतं.

१६ व्होल्टसाठी आउट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यामध्ये १२० ओहम, अ‍ॅडजस्ट ते ० व्होल्ट १.२ किलोओहम आणि २२० ओहम सिरीजमध्ये. मीटरवर १६.१ च्या आसपास यायला हवेत. ऋण रेलच्या एलएम३३७ ला हेच रेझिस्टर, पण पायांचा क्रम वेगळा. समोरून ३१७ चे पाय अ‍ॅडजस्ट, आउट, इन. ३३७ चे अ‍ॅडजस्ट, इन, आउट. ३१७ ची पाठ आउटपुटला आणि ३३७ ची इनपुटला जोडलेली असते, म्हणून दोन्ही एकाच पत्र्यावर अभ्रक न घालता बसवले तर पहिल्याच स्विचला धूर. दोन्ही आउटपुटवर ० व्होल्टकडे एकेक १एन४००२ उलटा जोडा. एक रेल उशिरा उठली तर दुसरी तिला उलट्या दिशेला ओढून अडकवते, ते या डायोडमुळे टळतं.

मोठे कपॅसिटर सप्लायच्या पेटीतच ठेवा. ‘जवळ असलेला बरा’ म्हणून कार्डावर ४७०० लावला, तर चार्जिंगचे झटके लांब ० व्होल्टच्या वायरमधून धावतात आणि १०० हर्ट्झची खरखर ऐकू येते. कार्डावर १०० मायक्रोफॅरड पुरे.

आता हेडफोन अँप वेगळा का, ते पाहा. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ३४ मिलिओहम असतो. दीड मीटरला झाले ५०. हेडफोन अँपने १०० मिलिअँप ओढले की ० व्होल्टच्या वायरवर ५ मिलिव्होल्ट उभे राहतात, आणि माइकचा सिग्नल अनेकदा तेवढाच असतो. त्याच वायरवर प्रीअँपचा ० व्होल्ट टांगलेला असेल तर तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हेडफोनमधला क्लिक शिरणारच. २० मिलिअँपचा एलईडी मीटर लुकलुकला तरी १ मिलिव्होल्ट. रेग्युलेटर कितीही भारी घ्या, वायरचा रोध काही तो कमी करत नाही.

म्हणून ० व्होल्टची जोडणी अशी करा: पेटीतून रॅकमध्ये एकच जाड वायर, किमान १.५ चौरस मिलिमीटर. ती रॅकमधल्या एका पितळी बोल्टवर येईल आणि तिथून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र वायर जाईल. एका कार्डावरून दुसऱ्यावर उडी नको. चॅसी (धातूचा सांगाडा) आणि ० व्होल्ट यांची गाठ याच बोल्टवर, एकदाच. माइकच्या एक्सएलआर कनेक्टरची पिन १ थेट चॅसीला. एईएस४८ हे ऑडिओ उपकरणांच्या अर्थिंगचं मानक हेच सांगतं. दोन्ही पेट्यांच्या चॅसींना जोडणारी अर्थची वायर वेगळी असते. मेन्सची अर्थ पिन कापून हम घालवण्याचा उपाय कोणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा.

फँटमसाठी, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच द्यायच्या ४८ व्होल्टसाठी, वेगळं वाइंडिंग घ्या, ४५ व्होल्ट एसीचं. पी४८ या फँटमच्या मानकानुसार चॅनेलमागे १० मिलिअँप, म्हणजे आठ चॅनेलना ८०. साधा एलएम३१७ इथे लावू नका: आउटपुट शॉर्ट झालं की त्याच्यावर साठच्या वर व्होल्ट येतात आणि त्याची मर्यादा ४० ची. जास्त व्होल्टेज सोसणारा टीएल७८३ वापरा. फँटमचा ० व्होल्ट मात्र त्याच पितळी बोल्टवर यायला हवा, कारण करंट माइकच्या पिन १ वरूनच परततो.

ट्यूबचा प्रश्न सोपा आहे. अडीचशे-तीनशे व्होल्टची एचटी (ट्यूबचा उच्च व्होल्टेज सप्लाय) आणि हीटरचा करंट ऑपअँपच्या पेटीत आणायचाच नाही.

पेट्यांमधल्या केबलला पाच पिनांचा जीएक्स१६ कनेक्टर चालतो: धन, ऋण, ० व्होल्ट, चॅसी, ४८. तीन पिनांचा एक्सएलआर सप्लायसाठी कधीच वापरू नका. कोणी तरी त्यात माइक खुपसेल. करंट देणाऱ्या बाजूला भोकांचा भाग असावा. चालू असताना केबल काढू-घालू नये. ० व्होल्ट आधी सुटला तर दोन्ही रेल कार्डांमधून आपापला रस्ता शोधतात.

पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये ६० वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भरभरून पेटत राहिला तर बंद करून शॉर्ट शोधा. मग एकेका कार्डाच्या रेग्युलेटरवर ऑपअँप न बसवता प्रत्येक रेलला २७० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर लावून दहा मिनिटं ठेवा. व्होल्टेज हललं नाही तरच आयसी बसवा.

हम राहिलाच, तर आधी त्याचा सूर ओळखा. १०० हर्ट्झची खरखर असेल तर ० व्होल्टची वायर चुकीच्या जागी, बहुधा रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांच्या मधे, जोडली गेली आहे. ५० हर्ट्झचा मऊ हम असेल तर ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट सैल करून तो हळूहळू फिरवा. आवाज कमी-जास्त झाला तर ते चुंबकीय क्षेत्र आहे. पेटी अर्धा मीटर लांब सरकवा. काहीच फरक पडला नाही, तर लूप बाहेरच्या केबलमध्ये शोधा.