बालसंगोपनची गृहभेट कशी करायची: नवीन केस वर्करसाठी

नवीन लागलेली पोरं-पोरी मला फोन करून पहिलं हेच विचारतात, ताई फॉर्मचा नमुना पाठवा ना. पाठवते. पण फॉर्म कोणीही भरेल हो, गावातला झेरॉक्सवाला पण भरून देतो. आपलं काम गृहभेटीचं आहे, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन परिस्थिती बघायची आणि तिचा अहवाल लिहायचा, आणि ते नीट कसं करायचं हे कोणी बसून शिकवत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी मराठवाड्यात काम करते, त्यामुळे उदाहरणं इकडची येतील, पण योजना सगळ्या महाराष्ट्राला सारखीच.

आधी योजना दोन ओळीत. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिला व बाल विकास खात्याची, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. २०२३ पासून मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, त्याआधी ११०० होते आणि त्याच्याही आधी बरीच वर्षं फक्त ४२५. गावात सगळ्यांना वाटतं ही फक्त अनाथ मुलांसाठी आहे. तसं नाही. आई किंवा वडील एकच आहेत, नवऱ्याने टाकलंय, घटस्फोट झालाय, आई-बाप जेलमध्ये आहेत, पालकाला कॅन्सर किंवा एचआयव्हीसारखा मोठा आजार आहे, अशी मुलंसुद्धा बसतात. यामागचा विचार असा की मुलाला आश्रमशाळेत नाहीतर बालगृहात टाकण्यापेक्षा त्याच्या माणसांतच ठेवायचं आणि त्या माणसांच्या हाताला थोडा आधार द्यायचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही हेच आहे, संस्था हा सगळ्यात शेवटचा मार्ग. हे डोक्यात पक्कं बसवूनच घरात पाऊल टाका, कारण गावात तुम्हाला दहा जण सांगणारेत की म्हातारीला झेपत नाही, पोरगी टाका कुठंतरी हॉस्टेलला.

जायचं कधी आणि कसं

दुपारी १२ ला गेलात तर घराला कुलूप असतं. माणसं शेतात, पोरं शाळेत. संध्याकाळी ५ नंतर जा नाहीतर सकाळी लवकर. ऊसतोडीच्या सीझनला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे गेलेली माणसं मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावर असतात, त्या दिवसात गावात म्हातारी आणि पोरंच सापडतात. पण खरं सांगू का, भेट द्यायला तेच दिवस चांगले, कारण मूल प्रत्यक्षात कोणाजवळ राहतं ते तेव्हाच कळतं.

जीप घेऊन, गळ्यात आयकार्ड लटकवून थेट दारात जाऊ नका. अख्खी गल्ली गोळा होते आणि मग त्या घराची सगळी दुखणी चारचौघात निघतात. माझ्या पहिल्या वर्षी मी हीच चूक केली, ओसरीवर पंधरा बायका बसलेल्या आणि त्यांच्या देखत मी नऊ वर्षांच्या पोराला विचारलं, बाळा तुझे पप्पा कधी वारले रे. तो काही बोलला नाही, उठून मागच्या दाराने निघून गेला आणि मी असेपर्यंत परत आला नाही. ते पोरगं मला आजही आठवतं. तेव्हापासून नियम केला, की मृत्यूची माहिती कागदावरून घ्यायची नाहीतर मोठ्या माणसाला बाजूला घेऊन विचारायची, मुलाला कधीच नाही.

आधी अंगणवाडी सेविका नाहीतर आशाताईंना फोन करा, गावातलं खरं चित्र त्यांच्याकडे असतं. पण त्यांना सोबत घरात नेऊ नका, ओळख करून दिली की त्यांना रजा द्या, कारण काही गोष्टी बाई आपल्या गावच्या माणसापुढे बोलत नाही.

घरात गेल्यावर

पाणी दिलं तर प्या. खाली बसा, खुर्ची आणायला कोणाला पळवू नका. आणि पहिली दहा मिनिटं फॉर्म पिशवीतच राहू द्या.

मुलाशी बोलायचं तर दप्तरापासून सुरुवात करा, माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच. दप्तर दाखव बरं तुझं, असं म्हटलं की पोरं खुलतात, आणि वही उघडली की न विचारता कळतं. शेवटची तारीख कधीची आहे ते बघा. आज २० तारीख आणि वहीतला शेवटचा अभ्यास ६ तारखेचा असेल तर पोरगं दोन आठवडे शाळेत गेलेलं नाही, घरचे काहीही म्हणोत. मग रागावायचं नाही, नुसतं विचारायचं, मधे कुठं गेला होतास का रे. बहुतेक वेळा उत्तर येतं, आजी आजारी होती, बारकीला सांभाळायला कोणी नव्हतं, नाहीतर कापूस वेचायला गेलतो.

दुसरा प्रश्न, रविवारी काय जेवलास? शाळेच्या दिवशी शाळेत खिचडी मिळते त्यामुळे जेवणाचं काय असं विचारलं की सगळे बरं आहे म्हणतात, रविवारचं विचारलं की घरातल्या पिठाच्या डब्याचं खरं कळतं.

तिसरी गोष्ट विचारायची नाही, बघायची. मूल झोपतं कुठं आणि कोणाजवळ, रात्री घरात कोण कोण असतं, दाराला आतून कडी आहे का, संडास कुठं आहे. वयात आलेली मुलगी असेल तर हे नक्की बघा. आणि मुलीच्या लग्नाचं काही चाललंय का याचा अंदाज घ्या, बाप गेला की वर्षाच्या आत उरकून टाकू असं पाहुणे म्हणायला लागतात. मुलगी १८ च्या आतली असेल आणि बोलणी सुरू असतील तर ग्रामसेवकाला कळवा, ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, नाहीतर चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर लावा. १९९६ ला मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमधून सुरू झालेला हा नंबर आता सरकारच चालवतं, दिवसरात्र चालू आणि फुकट.

आणि बोलता बोलता मुलाने किंवा मुलीने अंगाला हात लावल्याचं, लैंगिक त्रासाचं काही सांगितलं तर तिथेच थांबा. खोदून विचारू नका, मोबाईलवर रेकॉर्ड करू नका, घरच्यांना बोलावून समोरासमोर तर मुळीच करू नका. तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी चूक नाही, एवढंच म्हणा. हे मी कोणाला सांगणार नाही असलं वचन मात्र देऊ नका कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा जबाब पोलीस त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी, युनिफॉर्म न घालता घेतात, ते तुमचं काम नाही.

कागदपत्रं (इथे जास्त वेळ द्या)

केस अडकते ती इथेच. मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्यू दाखला किंवा जी परिस्थिती असेल तिचा पुरावा, बँक पासबुक, फोटो. यादी सोपी दिसते, पण एका आजीने मला पिठाच्या डब्याखालून कॅरीबॅग काढून दिली, त्यात लाईट बिल, लसीचं कार्ड, सुनेचा दवाखान्याचा केसपेपर, मुलाच्या लग्नाची पत्रिका, सगळं होतं, आणि मृत्यू दाखला नव्हता. आजीला वाटायचं दवाखान्याने दिलेला कागद म्हणजेच दाखला. हे खूप घरात होतं. दवाखान्याचा कागद वेगळा आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मृत्यू दाखला वेगळा. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, त्यामुळे माणूस गावाकडचा असला तरी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात वारला असेल तर दाखला तिथल्या महापालिकेत मिळणार, हे घरच्यांना माहीतच नसतं आणि ते बिचारे गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारत बसतात. नोंद २१ दिवसांत करायची असते, वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात, म्हणून पहिल्या भेटीतच हे तपासा.

दुसरी अडचण नावाची. आधारवर सोनू, शाळेत सोनाली, रेशन कार्डावर सोनाबाई. आपल्याला हसू येतं पण या एका अक्षरावर पैसे महिनोन्महिने लटकतात. शाळेच्या रजिस्टरला जे नाव आणि जन्मतारीख आहे ते धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. दुरुस्ती झाल्यावरच फॉर्म द्या, नंतर करू म्हणाल तर राहून जातं.

तिसरं बँक खातं. मूल आणि सांभाळणारी व्यक्ती असं संयुक्त खातं काढा आणि आधार लिंक आहे का ते स्वतः पासबुक घेऊन बँकेत विचारा. जुनं खातं असेल आणि दोन वर्षं त्यात काहीच व्यवहार नसेल तर ते बंद पडल्यात जमा होतं, केवायसी करून चालू करावं लागतं.

नवरा सोडून गेलेल्या बाईची केस सगळ्यात अवघड, कारण तिच्याकडे मृत्यू दाखला पण नाही आणि घटस्फोटाचा कागद पण नाही. अशा वेळी तुमच्या जिल्ह्यात काय चालतं ते आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे मुलांच्या योजना बघणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसात, विचारून घ्या आणि मगच तिला पळवा, चुकीच्या कागदासाठी बाईचे तीन रोज बुडाले तर ती चौथ्यांदा येत नाही. आणि हे घरी स्पष्ट सांगा, की फॉर्मला एक रुपया लागत नाही. मंजूर करून देतो म्हणून हजार-दोन हजार घेणारे लोक फिरतात, मी एका विधवा बाईला कानातलं गहाण ठेवून असे पैसे दिलेले बघितलंय.

अहवाल लिहिताना

केस शेवटी जाते ती जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे. ही समिती मुलाचं घर बघायला येत नाही, तुमच्या कागदातून बघते. म्हणून "कुटुंबाची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे" असलं वाक्य लिहू नका, ते प्रत्येक अहवालात असतं आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. असं लिहा: "आजी वय अंदाजे ६५, आठवड्यातून तीन दिवस खुरपणीला जाते, गुडघे दुखत असल्याने पावसाळ्यात काम होत नाही. पत्र्याची एक खोली, लाईट शेजाऱ्याकडून घेतलेली. मुलगी सातवीत, शाळा दीड किलोमीटर, चालत जाते. मागच्या महिन्यात ४ दिवस गैरहजर, आजीला दवाखान्यात नेल्यामुळे." वाचणाऱ्याला घर दिसलं पाहिजे.

घरातलं चांगलं पण लिहा. आजी रोज वेणी घालून देते, मामा दर महिन्याला ज्वारी आणून टाकतो, शेजारची ताई अभ्यास घेते. लोकांना वाटतं दुःख जास्त लिहिलं तर केस लवकर होईल, पण नुसतं दुःख लिहिलेला अहवाल वाचून एखाद्याला वाटू शकतं की मूल या घरात नकोच. मूल तिथे का राहावं हे तुम्हीच दाखवायचंय. आणि मुलाला काय हवंय ते त्याच्याच शब्दात एक ओळ तरी असू द्या.

फोटो घराबाहेर, कुटुंबासोबत, चांगले कपडे घालून. आणि तो फोटो स्टेटसला, फेसबुकला, संस्थेच्या ग्रुपवर कुठेच टाकायचा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिक्षेचं सोडा, उद्या वर्गातली पोरं तो फोटो बघून त्याला चिडवतात, ते आधी डोक्यात आणा.

समितीसमोरचा दिवस

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगा की हे कोर्ट नाही, पोलीस नाहीत, वकील लागत नाही, कोणी मूल काढून घेणार नाही. एक आजोबा मला एसटीत सांगत होते की रात्रभर झोपले नाहीत, नातू घेऊन जातील म्हणून. बैठक आहे ना ते सकाळी फोन करून पक्कं करा, एका गावच्या केसेस एकाच दिवशी घ्या म्हणजे सोबत होते आणि रोज एकदाच बुडतो. मुलासाठी बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली तुमच्या पिशवीत असू द्या, थांबावं लागतंच.

त्याच फेरीत बाकीचं पण बघून घ्या. आई विधवा असेल तर तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज, आजी-आजोबा ६५ च्या वरचे असतील तर श्रावणबाळ, रेशन कार्ड अंत्योदयमध्ये बसतं का, बसलं तर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतही प्रायोजकत्व, म्हणजे मुलासाठी दरमहा मदत आहे, महिन्याला ४००० रुपये, त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरी भागात ९६ हजार. कुठली योजना बसते ते बाल संरक्षण कक्षातूनच ठरवून घ्या.

मंजुरीनंतर

आदेश निघाला की बऱ्याच जणांची फाईल बंद होते. माझी होत नाही. पैसे दर महिन्याला येत नाहीत, कधी कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर ते या पैशांच्या भरवशावर उधारी करून बसतात. जूनमध्ये शाळा उघडली की एक चक्कर मारा. नवीन बोनाफाईड घ्या म्हणजे पुढच्या वर्षीच्या कागदाची पण सोय होते, पासबुकवर शेवटची एन्ट्री कधीची आहे बघा, आणि दप्तर उघडून वहीतली तारीख बघा.