टॅरँटुलाच्या (पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या) पेटीत भरायची माती

कोकणात नारळाच्या सोडणाचा भुसा मुबलक, पण खाडीत कुजवलेल्या काथ्याचा असेल तर त्यात मीठ असतं. गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळा. तीन भाग भुशाला एक भाग खत-औषध न मारलेली माती. किनाऱ्यावरची वाळू नकोच.

ओल्या मिश्रणाची मूठ घट्ट दाबा: गोळा व्हावा, बोटांतून थेंब गळू नये. बिळात राहणाऱ्या जातीला किमान १५ सेंटिमीटर, थरावर थर दाबत भरा. सैल राहिलं तर बीळ ढासळतं. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. वरून पडून पोट फुटलं तर बिचारा क्वचितच वाचतो.

पावसाळ्यात हवाच दमट, फवारा मारू नका. एका कोपऱ्यात थोडं पाणी सोडा, पेटीच्या बाजूंना भोकं ठेवा. पांढरी बुरशी दिसली की चमच्याने तेवढीच माती काढा.