‘औट घटकेचा’ वापरताना या चुका टाळा

गेल्या वर्षी निरोप समारंभाचं एक मानपत्र माझ्याकडे तपासायला आलं. अकरा महिन्यांत बदली झालेल्या अधिकाऱ्याबद्दल त्यात लिहिलं होतं, ‘साहेबांची औट घटकेची कारकीर्द आमच्या कायम स्मरणात राहील.’ लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता. त्याला फक्त ‘थोड्या दिवसांची’ म्हणायचं होतं. पण भर सभेत ते ‘आले काय नि गेले काय’ असं ऐकू गेलं असतं.

आधी ‘औट’ पाहू. त्याचा इंग्रजी ‘आऊट’शी काही संबंध नाही. ‘आऊट घटकेचं सरकार’ असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. गादीवरून आऊट होणारा तो आऊट घटकेचा, अशी बहुधा समजूत असावी. औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर औटकीही घोकून घेत. औट दुणे सात. ते पाढे गेले आणि जाताना शब्दाचा अर्थही घेऊन गेले, याची मला फार हळहळ वाटते.

घटका म्हणजे 24 मिनिटं. दिवसरात्र मिळून 60 घटका. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी चढत जातं, वाटी भरून बुडते, की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त साधायला हेच घटिकापात्र मांडत, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचारही तिथलाच. तर औट घटका हिशेबानं 84 मिनिटांची. पण बोलताना कुणी असं मोजत नाही. 1996 मधलं वाजपेयींचं पहिलं सरकार 13 दिवस टिकलं, त्यालाही औट घटकेचं म्हणता येतं. दीड तासाच्या आतलंच काही हवं, असा हट्ट नको.

सगळ्यात जास्त होणारी चूक वेगळीच आहे: दिसेल त्या तात्पुरत्या गोष्टीला हा शब्द चिकटवणं. पूल वाहून गेल्यावर ओढ्यात टाकलेला मुरमाचा रस्ता तात्पुरता असतो, औट घटकेचा नसतो. तो तेवढ्यापुरताच आहे हे पहिल्या दिवसापासून गावाला ठाऊक असतं. ‘तात्पुरता’मध्येच ‘पुरता’ आहे. औट घटकेचं म्हणजे थाटामाटात आलेलं, आता हेच राहणार असं वाटायला लावणारं आणि बघता बघता गेलेलं. म्हणून ते राज्याला, पदाला, वैभवाला लागतं. मांडवाला, दाखल्याला, भाड्याच्या खोलीला नाही.

विधानसभेत नव्या आमदारांना शपथ द्यायला हंगामी अध्यक्ष नेमतात. डिसेंबर 2024 मध्ये कालिदास कोळंबकर होते. त्यांना ‘औट घटकेचे अध्यक्ष’ म्हणणं चूक, कारण ते पद मुळातच तेवढ्या कामापुरतं असतं. आणि ‘हंगामी’ म्हणजे दर वेळी ‘तात्पुरता’ असंही नाही बरं का. साखर कारखान्यातला हंगामी कामगार गाळप संपलं की घरी जातो, पण पुढच्या हंगामाला पुन्हा कामावर येतो. वर्षानुवर्षं येतो.

देह, तारुण्य, आयुष्य यांच्यासाठी ‘क्षणभंगुर’ आहे, ‘अळवावरचं पाणी’ आहे. तिथे औट घटका आणू नये. ‘तात्कालिक’ही जपून वापरा: चरबी लावलेली काडतुसं हे 1857 च्या उठावाचं तात्कालिक कारण होतं, तात्पुरतं नव्हे. त्यातला ‘लि’ ऱ्हस्व. ‘तत्कालीन’मधला ‘ली’ मात्र दीर्घ.

मानपत्रात शेवटी आम्ही ‘साहेबांची अकरा महिन्यांची कारकीर्द’ एवढंच ठेवलं.