गोव्यात घर लावताना: आधी भिंत ओळखा

गोव्यात नवीन राहायला आलात की गिझर, टीव्ही, देवघर सगळं भिंतीवर चढवायची घाई असते. पर्वरीला घर घेतलं असेल, म्हापशाला किंवा फोंड्याला, ड्रिल लावण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. पुण्या-मुंबईच्या सवयीने इथे काम केलं तर फसगत होते.

इथल्या कितीतरी भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा दिसायला दणकट, पण आतून भोकाभोकांचा, आणि मध्येच मऊ मातीचा कप्पा लागतो. फ्लॅटमध्ये खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधली भिंत चिऱ्याची किंवा ब्लॉकची असू शकते. वरून गिलावा एकसारखा, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. म्हणून एक बारीक भोक पाडा आणि भुकटी तळहातावर घ्या. गिलाव्याची राखाडी पूड संपून तांबडी माती यायला लागली, बिट सरसर आत गेलं, की समजा चिरा. राखाडीच राहिली आणि ड्रिल अडून अडून चाललं तर काँक्रीट. पिठासारखी मऊ पूड आली तर हलके ब्लॉक. त्यांचे प्लग (भोकात बसवून ज्यात स्क्रू आवळतात ते) वेगळे मिळतात.

लोखंडी अँकर फास्टनर काँक्रीटसाठी असतो. नट आवळला की त्याचा शंकू मागे ओढला जातो, कवच फाकतं आणि भोकाच्या कडांवर रेटा देतं. त्या रेट्यामुळे जे घर्षण होतं तेच वजन धरतं. काँक्रीट हा रेटा सोसतं. चिऱ्यात मात्र कडा आतल्या आत चुरतात. आज घट्ट लागलेला फास्टनर काही दिवसांनी बोटाने फिरतो. चिऱ्यासाठी लांब नायलॉनचा प्लग घ्या, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून नुसतं ड्रिल फिरवा, नाहीतर भोक मोठं होतं. बिट प्लगच्याच मापाचं हवं. प्लग किती आत गेला ते मोजताना गिलाव्याची जाडी धरू नका, तो वजन पेलत नाही.

गिझरला केमिकल अँकर (भोकात रसायन भरून त्यात पक्का केलेला बोल्ट) करून घ्या, खर्चाकडे बघू नका. २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो, वर टाकीचं वजन. आधी भोकातली भुकटी ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढायची, मग रसायन भरायचं. ते चिऱ्याच्या भोकांत शिरून घट्ट होतं आणि भिंतीवर रेटा देत नाही. धूळ राहिली तर ते धुळीलाच चिकटतं. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत वजन टांगू नका, कामगार कितीही घाई करोत.

टीव्हीच्या स्टँडला पुढे ओढायचा हात असेल तर वरच्या स्क्रूंवर ओढ कित्येक पट वाढते. चिऱ्यावर भिंतीलगतचा साधा स्टँडच बरा.

समुद्राजवळ राहत असाल तर बाहेरच्या कामाला ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा, ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने डाग आणि खड्डे पडतात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून वायर जाते. आणि घर भाड्याचं असेल तर आधी घरमालकांना विचारा. भिंत कशाची आहे, हेही बहुतेक वेळा तेच सांगतात.