भाडेकरू घर सोडताना: किल्ल्या हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर घरमालकाची कामं

घर सोडताना होणारी बहुतेक भांडणं पैशांवरून सुरू झाल्यासारखी वाटतात, पण मुळात ती कामांचा क्रम चुकल्यामुळे झालेली असतात. आधी किल्ल्या घेतल्या, अनामत परत केली आणि मग कपाटामागची ओल दिसली, तर ती कोणाच्या काळातली हे ठरवायला काहीच उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: घर रिकामं, मग पाहणी, मग मीटर, मग किल्ल्या आणि सगळ्यात शेवटी हिशोब.

सोडण्याची तारीख लेखी घ्या, वेळेसकट

‘महिनाअखेरीला सोडतो’ हे पुरेसं नाही. 30 तारखेची रात्र की 1 तारखेची दुपार, यावरूनही एका दिवसाच्या भाड्याचा वाद होतो. एक छोटा मेसेज चालतो, पण त्यात तारीख, वेळ आणि भाडेकरूचा पुढचा पत्ता हवा. पत्ता आत्ताच मागा. नंतर येणारी बिलं आणि टपाल कुठे पाठवायचं, हा प्रश्न येतोच.

त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट सांगा: पाहणी होईपर्यंत वीज आणि पाणी बंद करायचं नाही. अनेक जण आदल्या दिवशीच जोडणी तोडून घेतात आणि मग गीझर, पंखे, प्लग यांतलं काहीच तपासता येत नाही.

दोन आठवडे आधी एक फेरी मारा

हे ऐच्छिक वाटतं, पण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप याच फेरीत वाचतात. आधी विचारून, भाडेकरूच्या सोयीच्या वेळी जा, कारण अजून ते त्याचं राहतं घर आहे. जे दिसेल त्याची यादी करून त्याला द्या. तुटलेली कडी, काळी पडलेली शेगडी, भिंतीतले खिळे यांची दुरुस्ती तो स्वतः करू शकतो, आणि ती त्याला अनामतीतून कापलेल्या रकमेपेक्षा स्वस्त पडते. सामान हललेलं नसल्यामुळे कपाटामागची, पलंगाखालची जागा नंतर पाहिली जाईल, हेही यादीत लिहा.

शेवटची पाहणी: रिकाम्या घरात, उजेडात, दोघांनी मिळून

राहायला येतानाचे फोटो आणि यादी हातात घ्या. प्रत्येक खोलीत एकाच पद्धतीने फिरा: आधी छत, मग दारापासून एका दिशेने चारही भिंती, मग खिडक्या, शेवटी फरशी. येताना ज्या कोपऱ्यातून फोटो काढला होता त्याच कोपऱ्यातून पुन्हा काढा. डाग किंवा तडा असेल तर तो जवळून घ्या आणि शेजारी पेन किंवा टेप धरा. नाहीतर फोटोत नखाएवढा ओरखडा हातभर दिसतो.

पाण्याच्या जागांना सगळ्यात जास्त वेळ द्या. नळ थोडा सोडून ‘गळत नाही’ म्हणणं फसवं असतं. बारीक धार पाइपच्या एका कडेने उतरून जाते, सांध्यावर भारच येत नाही. सिंकला बूच लावा, काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. त्याआधी खालच्या ट्रॅपच्या (पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपच्या) प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. एक थेंब सुटला तरी कागदावर गडद ठिपका उमटतो.

फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि 20 मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकीच्या तळाचा वॉशर गळतोय. ही गळती ऐकूही येत नाही आणि पाण्याचं बिल मात्र महिनोन्‌महिने वाढत राहतं. शेवटी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा. काटा सरकत असेल तर अजून कुठेतरी गळती आहे.

मग प्रत्येक प्लग फोनचा चार्जर लावून तपासा, धूरसूचक यंत्राचं चाचणीचं बटण दाबा (दहा वर्षं जुनं असेल तर यंत्रच बदला) आणि खिडक्यांच्या कड्या लावून पाहा. घर सामानासकट दिलं असेल तर गादीची शिवण नखाने उलगडून पाहा. तिथे शाईसारखे काळे ठिपके असतील तर ढेकूण आहेत आणि नवीन माणूस येण्याआधी औषध मारावं लागेल.

झीज आणि नुकसान यांत गल्लत करू नका

उन्हाने विटलेले पडदे, बटणांभोवती मळलेला रंग, सोफ्याच्या पायांनी पडलेले खळगे ही राहण्याची झीज आहे आणि तिचा खर्च मालकाचा. सिगारेटने जळलेली गादी, फुटलेली काच, दारावर पाळीव प्राण्याचे खोल ओरखडे हे नुकसान.

नुकसान असलं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत लावणं न्याय्य नाही. समजा भिंतीचा रंग साधारण पाच वर्षं टिकतो आणि भाडेकरू येताना तो नवा होता. तीन वर्षांनी त्याने एक भिंत खराब करून ठेवली, तर त्या भिंतीच्या खर्चाचे 40 टक्केच मागता येतात, कारण उरलेलं आयुष्य दोनच वर्षांचं होतं. रंग त्याच्याआधीच दोन वर्षं जुना असेल तर मागण्यासारखं काही राहत नाही.

बुरशीच्या बाबतीत घाईने बोट दाखवू नका. बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या मजल्यावरून पाणी झिरपत असेल तर दोष भाडेकरूचा नाही. कारण शोधल्याशिवाय वरून रंग मारला तर डाग पुन्हा वर येतो.

मीटर, किल्ल्या, कोड

वीज, पाणी, गॅस या तिन्ही मीटरचे फोटो काढा, पण आकड्यासोबत मीटरचा क्रमांकही दिसला पाहिजे. किल्ल्या दिल्या होत्या तेवढ्या मोजून घ्या: मुख्य दार, फाटक, टपालपेटी, गच्ची. सगळ्या परत आल्या तरी मुख्य दाराच्या कुलुपाचा सिलिंडर बदलाच. किल्लीची नक्कल किती जणांनी करून घेतली हे कळायला मार्ग नसतो. इलेक्ट्रॉनिक कुलूप, कॅमेरा आणि वायफायमधून जुने फोन काढून पासवर्ड बदला.

मागे राहिलेलं सामान लगेच फेकू नका. फोटो, यादी आणि ‘अमुक तारखेपर्यंत घेऊन जा’ असा लेखी निरोप, एवढं आधी करा. किती दिवस थांबायचं याचे नियम जागेनुसार बदलतात. करार आणि कायदा दोन्ही पाहा.

अनामतीचा हिशोब

एका कागदावर अनामत, प्रत्येक कपात कारणासह आणि परत द्यायची रक्कम लिहा. प्रत्येक कपातीला फोटो आणि दुरुस्तीचं बिल जोडा. ‘साफसफाई व इतर’ अशी गोळा रक्कम कोणालाच पटत नाही आणि ती सिद्धही करता येत नाही. एखादं बिल यायचं असेल तर तेवढीच रक्कम रोखा, बाकीची मुदतीत देऊन टाका. समोरच्याला नव्या घराची अनामत त्यातूनच भरायची असते.

घर रिकामं राहणार असेल तर

पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद करा. फ्रिज बंद असेल तर दार किलकिलं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. विम्याची कागदपत्रं पाहा. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर अनेक पॉलिसींत संरक्षण कमी होतं.

बंद घराला येणारा गटाराचा वास बहुतेक वेळा सुकलेल्या ट्रॅपमुळे असतो. त्यातलं पाणी आटलं की वास आणि झुरळं दोन्हींना वाट मोकळी होते. दर दोन-तीन आठवड्यांनी बाथरूमच्या जाळीत आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता. वरून चमचाभर खाण्याचं तेल घातलं तर पाणी हळू आटतं.

नवा भाडेकरू येण्याच्या आदल्या दिवशी सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या. साचलेल्या कोमट पाण्यात लीजनेला जंतू वाढू शकतात आणि ते तुषारांवाटे फुप्फुसात जातात. म्हणून शॉवरची जाळी आधी काढून ठेवा आणि पाणी फवारा न उडवता जमिनीलगत सोडा.