कॅम्पला लीडर म्हणून जाताय? आधी मुलं मोजायला शिका

सुट्टीतल्या जंगल कॅम्पला पहिल्यांदाच लीडर म्हणून जाणारे बरेच जण विचारतात की गाठी कुठल्या शिकू, खेळ कुठले घेऊ. शिका की, पण खरं काम ते नाहीये. आपल्या ग्रुपमधलं प्रत्येक पोर आत्ता कुठे आहे आणि कसं आहे हे कधीही विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, बस.

म्हणून मोजणी. निघताना, थांबल्यावर, परत निघताना, ओढा ओलांडल्यावर, पाण्यातून बाहेर आल्यावर, दर वेळी. नुसतं डोळ्यांनी मोजू नका, मुलांना नंबर द्या आणि मोठ्याने म्हणायला लावा, कारण हलणारं पोर दोनदा मोजलं जातं. माझ्याकडून एकदा तसं झालंय, आकडा बरोबर आला आणि एक मुलगी मागे झाडाखाली बुटाची नाडी बांधत बसलेली, दोन मिनिटांत सापडली पण ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. शिवाय मुलांच्या जोड्या लावा आणि थोडी जबाबदारी त्यांच्यावरच टाका. १९०७ साली बेडन-पॉवेलनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचा पहिला कॅम्प घेतला तेव्हासुद्धा मुलांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीला मुलांमधलाच एक नायक दिला होता, ते आजही चालतं.

चालताना सगळ्यात हळू चालणारं मूल पुढे ठेवा, आणि बॅकलीडच्या, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणाऱ्या लीडरच्या, मागे कोणीही राहता कामा नये. टाच चुरचुरतेय असं कोणी म्हणालं की तिथेच थांबून टेप लावा, फोड आल्यावर उपयोग नाही. मुलं आपणहून सांगत नाहीत हो, विचारावं लागतं.

हरवलं तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी शिकवा आणि करून घ्या: आहे तिथेच थांबायचं, एखादं झाड धरून बसायचं, तीन शिट्ट्या, जरा थांबून परत तीन. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर खेळ बंद, सगळे पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, टेंटमध्ये नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. ओढ्याचं पाणी खळखळून १ मिनिट उकळायचं, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. शौचाचा खड्डा पाण्यापासून ६० मीटर लांब. उन्हात डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं तर सावली आणि पाणी, पण पोर असंबद्ध बोलायला लागलं तर तो उष्माघात समजा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे न्यायची व्यवस्था करा.

आता संध्याकाळ. दिवसभर हुंदडणारं मूल अंधार पडला की गप्प होतं, पोटात दुखतंय म्हणतं, आणि मग हळूच, "ताई, मला घरी जायचंय." इथे 'रडू नको, मोठा झालास ना' असलं काही बोलू नका. आणि 'उद्या आईला बोलावू' असं तर मुळीच नाही, ते पोर पूर्ण दिवस त्याच एका गोष्टीवर काढतं. शेजारी बसा, घरची आठवण येणारच असं म्हणा, घरी कोण कोण आहे विचारा, जरा बोलू द्या आणि मग हातात काम द्या, टॉर्च धर, माझ्याबरोबर मोजणी कर. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत हलकं होतं. जेवत नसेल, झोपत नसेल तर मात्र कॅम्पच्या प्रमुखांना सांगा, एकट्याने ओढत बसू नका. अंथरूण ओलं झालं तर बाकीचे उठायच्या आत गुपचूप बदला, त्याबद्दल अक्षर काढायचं नाही.

अजून एक, मुलाशी खाजगी बोलायचं असेल तरी इतरांना दिसेल अशा जागी बोला, बंद टेंटमध्ये एकट्याने कधीच नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात.

रात्री सगळे झोपले की वहीत पाच ओळी लिहा. कोण कमी जेवलं, कोणाची टाच, कोणाचं औषध दिलं आणि किती वाजता, दम्याचा पंप कोणत्या बॅगेत आहे. सकाळी तुम्ही दुसरीकडे गेलात तर पुढच्या लीडरला तीच वही द्यायची.