टीबीची तपासणी, माणसाची आणि गाईची: या चुका टाळा

टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी खोकला आणि ताप जात नसेल, तर आधी नमुना कसा घेतला होता ते विचारा. बहुतेक वेळा घोळ मशीनमध्ये नसतो. डबीत काय आलं, कधी आलं आणि निकाल कुणी कसा वाचला, यात असतो. माणसांच्या बाबतीत हे खरं आहे, गोठ्यात तर त्याहून जास्त.

थुंकी आणि बेडका यात फरक आहे. डबीत पातळ, फेसाळ लाळ असेल तर जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, सीबीनॅट असो की ट्रूनॅट, तिला त्यात जंतू सापडणार कुठून? रुग्णाला नीट सांगावं लागतं: साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, मग छातीच्या तळातून खोकून बेडका काढा. हे मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर करायचं. २ ते ५ मिली घट्टसर बेडका पुरतो. दोन नमुन्यांपैकी एक सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्यापूर्वीचा असावा. नाव आणि नंबर डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं उघडताना अदलाबदल होते आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत नमुना दुपारभर गाडीत पडून राहिला तर त्यात दुसरेच जंतू माजतात आणि कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं, वाया जातं. लगेच पोचवता येत नसेल तर २ ते ८ अंशांत ठेवा आणि आइस पॅक लावलेल्या डब्यातून न्या.

खोकल्याला आधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक औषध देऊन पाहण्याची सवय घातक आहे. ते टीबीच्या जंतूवरही चालतं. आठवडाभर रुग्णाला बरं वाटतं, बेडक्यातले जंतू कमी होतात आणि निदान लांबतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन किंवा थुंकीतून रक्त असेल, तर आधी नमुना, मग औषध.

मानेच्या गाठीची बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं, होते तेव्हा अनेकदा अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, कल्चरचा मार्ग कायमचा बंद होतो आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळत नाही. ऑपरेशनआधीच सर्जनला सांगून ठेवा: अर्धा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये. इतकी छोटी गोष्ट, पण पुढचे कित्येक महिने तिच्यावर अवलंबून असतात.

उपचार चालू असताना ‘जंतू गेला का’ हे पाहायला सीबीनॅट पुन्हा करू नका. ते मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतं. त्यासाठी स्मिअर (काचपट्टीवर बेडका पसरवून सूक्ष्मदर्शकातून पाहणं) आणि कल्चर आहे. रिपोर्टात रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाच्या रकान्यात ‘इनडिटरमिनेट’ (निकाल ठरला नाही) आलं, तर त्याचा अर्थ रेझिस्टन्स, म्हणजे औषध चालत नाही, असा घेऊ नये, चाचणी पुन्हा करावी. रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. कुणी ती सुचवली तर सरळ नकार द्या.

मांटूमध्ये, म्हणजे हाताच्या कातडीत टोचून करायच्या टीबीच्या चाचणीत, लालसरपणा मोजणं ही जुनीच चूक. हाताला लागणारा कडक फुगवटा मोजायचा, हाताच्या लांबीला आडवा, ४८ ते ७२ तासांत, आणि निकाल मिलिमीटरमध्ये लिहायचा. बीसीजी लसीमुळे तो खोटा वाढू शकतो. कुपोषण, एचआयव्ही किंवा स्टिरॉइडमुळे तो कधीकधी येतच नाही. फुगवटा आला तरी संसर्ग आहे एवढंच कळतं, आजार आहे की नाही ते नाही.

आता गाई-म्हशींकडे. इथे वापरली जाते ती मानेवरची तुलनात्मक ट्युबरक्युलिन चाचणी. एक टोचणी एव्हियन (पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूपासून बनवलेल्या) पीपीडी द्रावाची, दुसरी बोवाइनची (गाईच्या जंतूपासून बनवलेल्या), प्रत्येकी ०.१ मिली, दोन जागांत साधारण १२ सेंमी अंतर. केस कातरा, कॅलिपरने कातडीची घडी मोजा, आकडे तिथेच लिहा, मगच टोचा. दोन औषधांना दोन वेगळ्या सिरिंज हव्यात आणि वर कोणतं, खाली कोणतं हा क्रम गावभर एकच ठेवा. क्रम उलटला की निकालही उलटतो. सुई कातडीच्या थरातच गेली पाहिजे. बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागली नाही, तर औषध खाली गेलं असं समजा. नागपुरी म्हशीच्या जाड, काळ्या कातडीवर नजरेने काही कळत नाही, त्यामुळे बोट आणि कॅलिपर यांवरच भरवसा.

७२ तासांनी, शक्यतो त्याच माणसाने, पुन्हा मोजायचं. बोवाइन ७ वरून १६ मिमी आणि एव्हियन ७ वरून ९ झालं, तर वाढीतला फरक ९ वजा २, म्हणजे ७. फरक ४ हून जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. १ ते ४ आला तर संशयित. दोन्हीकडे सारखीच सूज आली, किंवा एव्हियनची जास्त आली, तर जोन्स या आतड्याच्या आजारासारख्या, टीबीच्या कुळातल्या दुसऱ्या जंतूचा (मायकोबॅक्टेरिया) विचार करा. एकच टोचणी देऊन निकाल काढणारे इथेच फसतात.

खोटा निगेटिव्ह कधी येतो, हे पशुपालकाने पाठच करावं. व्यायल्यानंतरचे चार ते सहा आठवडे, स्टिरॉइड दिल्यावर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजार खूप पुढे गेल्यावर. खंगलेली, खोकणारी गाय चाचणीत साफ निघाली म्हणून तिला निर्दोष समजू नका, तीच गोठाभर जंतू पसरवत असते. एकदा टोचल्यावर काही आठवडे कातडी प्रतिसाद देत नाही, म्हणून फेरचाचणी किमान ४२ दिवसांनी करावी, ६० दिवस गेले तर उत्तम. विकत आणलेल्या जनावराला त्याआधी कधी टोचलं होतं, हे विक्रेत्याला विचारा.

पॉझिटिव्ह गाय अनेक देशांत मारली जाते, महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे ती वेगळी बांधा, तिची गव्हाण आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, वासराला तिचं कच्चं दूध पाजू नका. तिला बाजारात विकणं म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात आजार नेऊन सोडणं. माणसांनी धारोष्ण दूध पिणं पूर्ण थांबवा, दूध नीट उकळूनच घ्या.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘घरी जनावरं आहेत का?’ गाईच्या टीबीच्या जंतूवर, मायकोबॅक्टेरियम बोव्हिसवर, पायराझिनामाइड हे टीबीचं औषध मुळातच चालत नाही आणि सीबीनॅट हा जंतू माणसाच्या टीबीपासून वेगळा दाखवत नाही. गवळी कुटुंबात मानेच्या गाठी किंवा पोटाचा टीबी निघाला, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या डॉक्टरांना गोठ्याबद्दल सांगा आणि कल्चर करून जंतूची जात तपासायला सांगा. उलटही घडतं: टीबी झालेला माणूस गव्हाणीजवळ खोकतो, थुंकतो आणि जनावराला संसर्ग देतो. म्हणून घरात रुग्ण निघाला की गोठ्याच्या चाचणीबद्दल नागपूरच्या सेमिनरी हिल्समधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. गोठ्यात गाय निघाली, तर दूध काढणाऱ्यापासून घरातल्या लहान मुलांपर्यंत सगळ्यांची तपासणी करून घ्या.